गॅस गेला, नारळ आणा!

...आणि वरून मलाच विचारतात, ‘तुमी पेपरवाले चांगलं काहून लिहीत नाही?’ अहो, चांगलं घडू तर द्या! तुम्हाला सांगतो, कापूस बुडाला म्हणून सरकारनं पॅकेजात गाई दिल्या, गाईंनी बिचाऱ्यांनी दूध दिलं, दुधासाठी चांदूर रेल्वे गावाला थंड करायचं मशीन आलं, आणि दूध... गरमच! का? तर म्हणे गॅस गेला. गेला? भरा! आणि गॅस भरला की दूधसंस्थेचे अध्यक्ष खुशालराव हात वर करून ओरडणार, ‘नारळ आणा!’ कारण भरलेल्या गॅसचंही लोकार्पण असतं, माहीत नव्हतं ना? मलाही नव्हतं! हार, फोटो, मशीनला तेल-शेंदूर, आणि नारळ फोडायचा कुठं? पायरीवर? छे! मग फोटोत मशीन कसं येणार? मशीनच्याच लोखंडी चौकटीवर... धाड्! पंधरवडा जात नाही तोच दूध नासतं, दूध न्यायला आलेली अमरावतीची गाडी हुंगते नि परत फिरते. गॅस गेला. भरा. नारळ आणा!

अहो, हा काय चुलीचा गॅस आहे जळून संपायला? तो बंद नळ्यांतून फिरत असतो, कमी झाला म्हणजे कुठंतरी भोक आहे! खुशालरावांना म्हटलं, तर म्हणतात, ‘भाऊ, ऊन पाहून राहिले ना? उडून गेला असन.’ उडून! जिल्ह्याचे साहेब पाहणीला आले, दुधात बोट बुडवलं, म्हणाले, ‘गाईच उन्हात बांधत असतील.’ झाली पाहणी!

शेवटी उखडल्या गोदाबाई. अख्ख्या गावाच्या बाया त्यांच्या भरवशावर दूध घालतात. ‘पुन्हा नासलं त् गाडी कायमची बंद, अन् आमच्या गाई बाजारात!’ असं म्हणत त्यांनी मिस्त्रीलाच धरलं. मिस्त्री म्हणजे अकोल्याच्या जठारपेठेतला गयासुद्दीन, दरवेळी गॅस भरणारा.

‘काहो गयासुद्दीनभाऊ, नुसतं भरता, भोक काहून नाही शोधत?’

‘बाई, गॅससंगं मशीनचं तेलबी झिरपते. जिथं तेलाचा डाग, तिथं भोक. आता तुमीच सांगा, या मशीनले तेल कुठं नाही?’

‘मंग पुसा ना!’

‘मी? शेंदूर? मी पुसू? अन् हे पेपरवाले भाऊ इथंच उभे! उद्या पहिल्या पानावर मीच ना!’

आणि खोटं कशाला बोलू, छापलं असतं कुणीतरी!

गोदाबाईंनी पदर खोचला, चिंधी घेतली, देवाची क्षमा मागितली आणि खसाखसा पुसलं. गयासुद्दीननं साबणाचा फेस लावला. जिथं नारळ आदळायचा ना, बरोब्बर तिथल्याच नळीच्या जोडाला... बुड्... बुड्... बुडबुडे! म्हणजे नारळानं भोक पाडायचं, शेंदरानं झाकायचं, आणि बोलणी कुणाला? उन्हाला!

जोड पक्का केला, गॅस भरला, दूध गारेगार. लगेच खुशालराव, ‘नारळ आणा!’ गोदाबाईंनी नारळ हिसकलाच, ‘माह्या टाळक्यावर फोडा, पण मशीनवर नाही!’ फुटला बुवा, एकदाचा पायरीवर फुटला! मी सुटकेचा निःश्वास टाकतोय तोच खुशालरावांना आठवलं... पाटी! अध्यक्षांच्या नावाची पाटी नको? घेतला हातोडा, धरला खिळा, आणि ज्या भिंतीतून मशीनची नळी जाते नेमकी त्याच भिंतीत, ठोक... ठोक... फुस्स्स्स!

गयासुद्दीननं शांतपणे पिशवी उचलली, म्हणाला,

‘अध्यक्षसाहेब, शेंदूर आता इथं लावा. भोक कुठं हाय, निदान दिसन तरी!’