ममी पळत नसते!

नाही, पण त्यात हसण्यासारखं काय होतं, मला सांगा ना! अख्खं थिएटर गडबडा लोळतंय, पुढच्या बाई डोळे पुसतायत, आणि मी, अँटन हॅवलिक, जो पडद्यावर दिसतोय तोच माणूस, अंधारात बायकोचा हात घट्ट धरून बसलोय... घामानं डबडबून! तुम्हाला सांगतो, भीती हा माझा धंदा आहे हो! हॉलिवूडमध्ये बारा वर्षं मी ममी होतो. म्हणजे पट्ट्या गुंडाळलेलं जुनंपुराणं प्रेत. एक पाय फरफटत सावकाश... सावकाश यायचं आणि गळा धरायचा. बस्स! लोक किंचाळायचे. ओहायोत एक बाई बेशुद्ध पडली, तिच्या नवऱ्यानं स्टुडिओला शिव्या घातल्या. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

मग युद्ध आलं. खऱ्या बातम्यांनीच लोकांची अशी पाचावर धारण बसली की आमची खोटी भीती कोण विकत घेणार? तर स्टुडिओनं काय काढावं? ममीचा विनोदी चित्रपट! फिनी आणि स्टब्ज ही जोडगोळी, फिनी म्हणजे काडी, स्टब्ज म्हणजे पिंप, आणि त्यांच्या मागे धडपडायला मी. दिग्दर्शक लोरिंग म्हणतो, "अँटन, तू काही वेगळं करू नकोस. तू घाबरव, लोक हसतील." घ्या! म्हणजे सुतारानं मन लावून खुर्ची करायची आणि ती मोडली की यांनी टाळ्या वाजवायच्या!

तर त्या दिवशी पहाटेपासून मला पट्ट्या चिकटवल्या. तोंडात कापूस, ओठांवर डिंक, पाणीसुद्धा नळीनं. नेऊन निजवलं शवपेटीत, उताणा. स्टब्जनं पेटीच्या काठावर बसून सँडविच खायचं, आत कोण आहे ते त्याला ठाऊक नाही, आणि मी हळूच कण्हायचं. लोरिंग ओरडला, "कॅमेरा!"

मी वर बघतो तर... दिवा. बरोबर स्टब्जच्या डोक्यावर, रेड्याएवढा दिवा, आणि तो ज्या दोराला टांगलाय त्या दोरातून धूर! दोर करपत होता हो, पीळ सुटत होता! आणि सगळ्या सेटवर वर बघणारा माणूस एकटा मी... आणि माझंच तोंड चिकटवलेलं!

मी जिवाच्या आकांतानं ओरडलो. बाहेर काय पडलं? "ऊंऽऽऽ." स्टब्ज दचकला, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, पुन्हा सँडविच. सेटवर खसखस पिकली. "ऊंऽऽ! ऊंऽऽऽ!" लोरिंग खुर्चीतून कुजबुजतोय, "झकास! रड अजून, रड!" अरे बाबांनो, भीती हा माझा धंदा आहे हो, पण ही माझी स्वतःची होती! हात वर केला, बोट दिव्याकडं... तर त्या स्टब्जनं काय करावं? माझ्या मुठीत लोणच्यातली अख्खी काकडी खुपसली! "घे राजा, फार दिवसांचा उपाशी दिसतोस!" कॅमेरावाला तोंडात रुमाल कोंबून हसतोय, आणि वर कर्रर्र... आणखी एक पीळ. दिवा कलला. तो आवाज फक्त मला ऐकू येत होता, बाकी सगळे हसण्यात बुडालेले!

उठलो. स्टब्जच्या कमरेला विळखा घातला, सँडविचसकट उचलला आणि सुटलो. पट्ट्या फाटतायत, गुडघे करकरतायत, खांद्यावरून स्टब्ज बोंबलतोय, "हे कागदावर नव्हतं! हे कागदावर नव्हतं!" आणि मागून लोरिंग, "अँटन! ममी पळत नसते! अरे गाढवा, ममी पळत नस—"

धडाड्!

शवपेटीच्या ठिकऱ्या. स्टब्ज बसला होता तिथं काचांचा ढीग. हसू कुठल्या कुठं! मी त्याला खाली ठेवू लागलो तर तो उतरेना. माझ्या मानेला मिठी मारून अगदी वेगळ्याच आवाजात म्हणाला, "सोडू नकोस रे अँटन." माझ्या छातीवरची पट्टी भिजली. फिनी धावत आला आणि मटकन जमिनीवरच बसला. "आम्ही सकाळपासून बोलत नव्हतो," म्हणाला, "रुसलो होतो त्याच्यावर..."

आणि लोरिंग? पांढराफटक पडलेला, पण पहिला प्रश्न कुणाला? कॅमेरावाल्याला! "चालू होता का रे?"

चालू होता. तेच दाखवतायत आता! दिवा पडायच्या आत कापलंय फक्त. म्हणजे लोकांना दिसतं काय, तर ममी कण्हतेय, ममीला लोणचं मिळतंय आणि ममी बेभान पळतेय. आमची लुडमिला तेवढी हसली नाही. कानाशी येऊन म्हणाली, "अँटन, तुझे डोळे बघ रे. केवढा घाबरला होतास तू!" तर मागून एकजण, "ओ बाई, गप्प बसा ना! याच्यासाठी तर पुन्हा आलोय मी!"

सोमवारी स्टुडिओत बोलावणं. म्हटलं, चला, निदान माफी तरी मागतील. लोरिंगनं मिठीच मारली. "अँटन, लोक वेडे झालेत! पुढच्या चित्रपटातही स्टब्जला खांद्यावर घेऊन तू पळायचंस. या खेपेला दिवा आम्ही मुद्दाम पाडू, अगदी जपून!"

भीती हा माझा धंदा होता हो... एवढंच म्हणालो, "साहेब, पळतो. पण तोवर त्या स्टब्जचं जेवण जरा कमी करा!"