मुंबईचा चंद्र, बालीगंजचा उपास

कोडिंग येत नसेल तर ओपन सोर्समध्ये काय करणार, असं विचारताय ना? मग आमच्या काकांचा किस्सा ऐका. ते इथे कोलकात्यात, सॉल्ट लेकमध्ये आयटी मॅनेजर आहेत.

संकष्टीला ते आमच्याकडे बालीगंजला जेवायला आले होते. आईला शुगर आहे, तरी ती उपाशी बसलेली, कारण मोबाइलवरच्या पंचांगात चंद्रोदयाला अजून अर्धा तास होता. मी गच्चीवर गेले तर चंद्र चांगला वर आलेला. अ‍ॅपमध्ये शहर कोलकाता होतं आणि वेळ मुंबईची.

"अ‍ॅप ओपन सोर्स आहे, त्यात कोणीही हातभार लावू शकतं. मी कळवते बनवणाऱ्यांना," मी म्हटलं.

"तू इतिहासवाली. तुला कोडमधलं काय कळतं?"

"चंद्र कळतो, काका."

"असल्या तक्रारी कोणी वाचत नाही."

मी तिथेच बसून लिहिलं: कोणतं शहर निवडलं, अ‍ॅपने काय दाखवलं, आकाशात काय दिसलं. सोबत फोटो जोडला. त्याच आठवड्यात उत्तर आलं, "चूक सापडली, दुरुस्त केली. पुढच्या संकष्टीला कोलकात्यातून कोणी तपासून सांगेल का?"

पुढच्या संकष्टीला काका पुन्हा हजर. "काय, शिकलीस का कोडिंग?"

"नाही. पण आज चाचणी आहे. गच्चीवर जा आणि चंद्र दिसला की हाक मारा."

"मी? अगं, मॅनेजर आहे मी."

"म्हणूनच तुम्हाला सांगतेय. यातही कोड लिहावा लागत नाही."

काका वर गेले. अ‍ॅपमधली वेळ झाली आणि लगोलग त्यांची हाक आली. त्या दिवशी आई मुंबईच्या आधी जेवली.