मागणीची यादी

तुम्हाला सांगते, आमच्या घरात एक नियम होता: छापून आलेल्या गोष्टीवर वाद घालायचा नाही. मी बी.ए. झाले, तेरच्या शाळेत शिक्षिका म्हणून नेमणूक झाली आणि त्याच आठवड्यात अण्णांनी, माझ्या वडिलांनी, माझ्यापुढं पेपर धरला. पुढं कुठल्या नोकऱ्यांना मागणी येणार त्याची यादी होती, आणि पहिलंच नाव टायपिस्टचं.

"यात मास्तरीण शोधून दाखव," अण्णा म्हणाले. "शाळा सोड, सोलापूरला टायपिंग शीक."

काकांनी मान डोलावली. "छापलंय म्हणजे खरंच असणार."

"काका, तुम्ही उर्दू कशासाठी शिकलात?"

"कचेरीत उर्दू कारकुनांना लई मागणी येणार, असं छापून आलं होतं."

"मग?"

"शिकून झालं अन् निजामाचं राज्यच गेलं."

आता काकांची उर्दू फक्त स्वयंपाकघरातल्या डब्यांवर उरली आहे. हळद, तिखट, मीठ, सगळं सुरेख अक्षरात. काकूंना ते वाचता येत नाही, म्हणून त्या प्रत्येक डबा हुंगून बघतात.

"अण्णा, मला डब्यांवरची नावं टाईप करायची नाहीत. सोमवारी मी तेरला रुजू होणार."

 तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकूंची जोरात शिंक ऐकू आली.