मेसेजचं कूळ विचारणारी मथुराबाई

मंडळी, आज कीर्तनात आधी एक प्रश्न विचारतो. मनातल्या मनात उत्तर द्या. पोरीला स्थळ आलं, तर नुसता फोटो बघून अक्षता टाकता का? नाही ना! गाव कुठलं, मामा कोण, पोरगा खरंच नोकरीला आहे का — सगळं खोदून खोदून विचारता. मग पोरगी देताना एवढी चौकशी, आणि स्वतःचं शरीर कुणाच्याही हवाली? असं का? ऐका तर.

आमच्या वस्तीवर मथुराबाई म्हणून एक बाई आहे. स्थळांची चौकशी करावी तर तिनंच! कुठंही स्थळ ठरायचं म्हटलं की लोक आधी तिला पाठवतात. ती जाते, चहा पिते, गोड बोलते, आणि येताना नवऱ्या मुलाच्या चुलत्याची भांडणंसुद्धा माहीत करून येते. (हसू नका, तुमच्या घरीही येऊन गेली असेल!)

तर या मथुराबाईची धाकटी जाऊ पारूबाई. भजनी मंडळात टाळ धरणारी. पाळी जाऊन वर्षं झालेली, त्यामुळं काकड्याला कधी खाडा नाही. आणि एकदम देवळात यायची बंद झाली! मथुराबाईनं ओळखलं. परत अंगावरून जात होतं, आणि लाजेनं पारूबाई कुणाला बोलली नव्हती.

बरं, करत काय होती? फोनवर एक मेसेज आला होता. वर देवीचा फोटो, खाली लिहिलेलं — बंद झालेली पाळी परत आली म्हणजे तारुण्य परत आलं, ही पावडर घ्या, डॉक्टरकडं जाऊ नका, ते पिशवी काढतात. देवीचा फोटो बघून पारूबाईनं आधी फोनला कपाळ लावलं, मग पावडर मागवली!

अहो, तुम्ही नाही लावत? मी लावलंय!

मथुराबाईनं तो मेसेज वाचून घेतला आणि तिच्या सवयीनं विचारलं, "हा कुणाचा कोण? याला ओळखतं कोण?"

पारूबाई म्हणाली, भाचीनं पाठवला. भाचीला फोन लावला, तर तिला नणंदेनं पाठवलेला. नणंदेला विचारलं, तर तिला पावडर विकणाऱ्यानं. आणि त्या विकणाऱ्याला डॉक्टरचं नाव विचारलं, तर त्यानं फोनच ठेवला. संपली सोयरीक!

मथुराबाई जावेला म्हणाली, "पारू, ज्याचं गाव सांगता येत नाही त्याला आपण पोरगी देत नाही. तू त्याला जीव द्यायला निघालीस."

दोघी सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईकडं गेल्या. नर्सबाईनं गंभीरपणे ऐकलं. म्हणाली, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जाणं कधीच सोडून द्यायचं नाही. बऱ्याचदा कारण साधंच निघतं, पण तपासल्याशिवाय मी सांगू शकत नाही, तालुक्याला स्त्रियांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवा. मथुराबाईला हे आवडलं. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणणारा माणूस तिला चौकशीत फार क्वचित भेटला होता.

आता तुम्हाला वाटेल, डॉक्टरीणबाईंपुढं ती गप्प बसली असेल. छे! शिकलात कुठं, ही तपासणी कशासाठी, नाही केली तर काय होईल — सगळं विचारलं. पारूबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं! पण डॉक्टरीणबाई हसल्या, एकेका प्रश्नाचं नीट उत्तर दिलं आणि म्हणाल्या, "निदान आज नाही सांगता येणार. पिशवीच्या आतला तुकडा तपासून आला की सांगेन."

बाहेर येऊन मथुराबाई जावेला म्हणाली, "स्थळ पसंत आहे."

तुकड्यात काय निघालं? कॅन्सर. पण अगदी सुरुवातीचा, अजून पिशवीबाहेर न गेलेला. पिशवी काढावी लागली — हो मंडळी, जिची भीती घातली होती तीच गोष्ट करावी लागली! पण का करायची ते समजून, विचारून, पारूबाईच्या स्वतःच्या होकारानं. ती पावडर खात घरी बसली असती, तर काय झालं असतं ते मला बोलवत नाही.

मला पारूबाई म्हणाली, "बुवा, माझं नाव घेऊन सांगा. मी लाजले तशा आणखी कितीतरी जणी लाजत असतील." म्हणून सांगतोय. आणि मायबहिणींनो, माझ्या मागं ही पहिली टाळकरीण उभी आहे ना — हीच ती पारूबाई! वाजवा टाळ्या!

आता तुमच्याकडं वळतो. तुमच्या फोनमध्येही असा एखादा मेसेज पडलेला असेलच. त्याला विचारा — कुणाचा तू? तुला लिहिलं कुणी? काय विकायला आलास? पुरुषांनो, तुम्हीही ऐका. बायको गप्प झाली, देवळात यायची थांबली, तर तिला काय होतंय ते विचारा आणि दवाखान्यात सोबत जा. आणि उद्या माझा फोटो लावून कुणी औषध पाठवलं, तर मलाही सोडू नका. विचारा, बुवा, तुम्ही डॉक्टरकी कुठं शिकलात? मी इथंच उभा राहून सांगेन, कुठंच नाही!

पारूबाई, उचला टाळ. आज देवाचं नाव आधी तुम्ही घ्यायचं, आम्ही मागून म्हणू.