नांगर व दोर, एक संच

(जूनचा पहिला आठवडा, रविवार, दुपारचे साडेतीन. डिंभे धरणाच्या पाण्यात मधोमध केबिनची छोटी बोट. बोटीवर यंदा दहावीत जाणारी अक्षदा, तिची आत्या साधना आणि आजोबा जानकू. इंजिन बंद.)

अक्षदा : तू आधी मोबाईल बघ, आत्या. मग मला वेडी म्हण.

साधना : माझे दोन्ही हात दोरावर आहेत. तिघांनी ओढूनही नांगर तसूभर वर येत नाही, आणि तू नकाशे दाखवतेस.

अक्षदा : तेच सांगतेय ना. ओढून तो येणारच नाही.

साधना : पुन्हा एकदा. आबा, धरा. एक, दोन... सोडा. सोडा, पाठ धरेल तुमची.

जानकू : पाठीचं काय न्हाई. त्यो यायचा न्हाई.

साधना : तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंय का काही? उद्या अकराला तपासणीचे साहेब धक्क्यावर येणार. बोट तिथं पाहिजे, इथं नाही. दोन शनिवार-रविवार मी हिच्या बुडाखाली पाठीवर पडून शेवाळ खरवडलंय. फायबरला ठिगळ दिलं, पंपाचं रबर बदललं, बॅटरीच्या टोकांना व्हॅसलीन लावलं, केबिनच्या काचेतून गळत होतं ते भरलं. सगळं झालं आणि अडलं कशात, तर नांगरात.

अक्षदा : आणि नाव मी रंगवलं. ते विसरू नको.

साधना : 'दहावी पास.' परीक्षेआधी असं नाव बोटीला देणारी तूच.

अक्षदा : मग काय! आम्ही सहाजणी रोज हिच्यात बसून पलीकडे जाणार, तिथून शिनोलीची एसटी. बोट पास झाली तरच ना. नाहीतर मला पाठवतील पिंपळवंडीला मावशीकडे, मी शिकेन कशीही. पण प्राचीचे वडील स्पष्ट म्हणालेत, बोट सुरू झाली तर शाळा, नाहीतर घर. बाकीच्या चौघींच्या घरी तेवढंसुद्धा कुणी बोललेलं नाही, म्हणजे काय ते समज.

साधना : म्हणून तर म्हणते, ओढ.

अक्षदा : आत्या, हा खरा नांगर नाहीये. म्हणजे खराच आहे, म्हणूनच घोळ झालाय. कागदावर काय लिहिलं होतं? जीवरक्षक जॅकेट सात, आग विझवायचा सिलिंडर एक, भोंगा एक, नांगर व दोर एक संच. मी होते पिंपळवंडीला. तू होतीस घोडेगावात, गॅरेजला. कागद आबांनी वाचला.

जानकू : चौथी झालीया माझी. वाचता येतंय मला.

अक्षदा : आबांनी वाचलं 'नांगर', आणि गोठ्याच्या माळ्यावरनं नांगर काढला.

साधना : म्हणजे?

जानकू : म्हंजी आपला लोखंडी नांगर. बाचा. तिथं नांगर लिवलंय तर मला काय ठावं बोटीचा नांगर येगळा असतो. म्हनलं सरकारला बी कळलं, नांगराबिगर गाडं अडतं.

साधना : आणि गुरुवारी मी त्या दोराला गाठ मारली ती...

जानकू : त्या टायमाला नांगर पान्यात व्हता. तू वरनं गाठ पक्की केलीस.

साधना : संपतभाऊंनी आज सकाळी त्यांच्या मासेमारीचा चार आकड्यांचा नांगर देऊन टाकला, बोलले काहीच नाहीत. आपल्याला इथं सोडलं आणि होडी वळवून निघाले. मला वाटलं घाईत आहेत.

अक्षदा : घाईत नव्हते. त्यांनी शुक्रवारीच बघितलं होतं. वारा पश्चिमेकडून, आणि बोट पश्चिमेकडे चाललेली. माणूस नाही, इंजिन नाही. हळूहळू. मला म्हणाले, पोरी, तुमची बोट चरायला सुटल्यासारखी फिरतीया. मग मी जुना मोबाईल बॅटरीला लावून केबिनमध्ये ठेवला, चालायला जाताना रस्ता दाखवतं ते अ‍ॅप सुरू करून. शुक्रवार दुपार ते आज सकाळ. आता तरी बघशील?

साधना : दे इकडे. ... हे काय आहे?

अक्षदा : बोट जिथं जिथं गेली ती रेघ.

साधना : ही वहीच्या पानासारखी आखलीय कुणी?

अक्षदा : कुणी नाही. जाते सरळ, टोकाला थांबते, वळते, तशीच सरळ परत येते. दोन रेघांत सारखंच अंतर. एकही रेघ दुसरीवर चढत नाही. वाऱ्यानं बोट अशी हलते का, तूच सांग. तू ITI केलंस.

साधना : वाऱ्यानं नाही. खाली प्रवाह असेल.

अक्षदा : वळणारा प्रवाह? आणि मधे हा गोल बघ, कोरा सोडलेला. प्रत्येक रेघ तिथं येते, बाजूनं वळसा घालते आणि पुन्हा सरळ होते.

जानकू : म्हसोबा.

साधना : काय म्हणालात?

जानकू : म्हसोबाचा धोंडा व्हता तिथं. त्याच्या भवतीनं बा नांगर वळवायचा, धोंड्याला फाळ लागू द्यायचा न्हाई. हे आपलं चिंचंचं वावर हाय, साधना. आपन त्याच्यावर उभं हाय. खाली दोन पुरुष पानी, आन खाली वावर.

साधना : आबा, ऊन लागलंय तुम्हाला. केबिनमध्ये बसा.

जानकू : मागं बघ.

साधना : काय मागं?

अक्षदा : बगळे, आत्या. मी बघितले मघाशीच, म्हटलं तू ओरडशील. किती आहेत?

साधना : वीसेक. माशांसाठी येतात.

अक्षदा : मग एकसुद्धा पाण्यात चोच का मारत नाही? आपण हलतोय तिकडे येतात, मागे मागे. वावरात नांगरामागं किडे टिपायला येतात ना, अगदी तसे. आणि ते बुडबुडे बघ. एका रेषेत. पाणी पण लाल झालंय, माती वर येतेय.

साधना : ... आपण हलतोय?

अक्षदा : बुडाला कान लाव. मी मघाशी लावला होता. करकर, करकर, मधेच थांबते, मग पुन्हा.

साधना : नको मला कान लावायला. ऐकू येतंय. आबा, तो कोयता द्या.

जानकू : कशाला?

साधना : दोर कापते. नांगर राहू दे खाली. इंजिन लावते, धक्क्यावर जातो, संपतभाऊंचा नांगर बांधतो. उद्या साहेबांपुढं तोच टाकून दाखवू. संपलं.

जानकू : कापायचं न्हाई.

साधना : मग काय करायचं? सहा पोरींची शाळा आहे, आबा.

जानकू : कापायचं न्हाई म्हनलं. येकदा कापलंय म्या.

अक्षदा : काय कापलंत, आबा?

जानकू : बस खाली. तू पन बस, साधना. बोट काय पळून जात न्हाई, नांगराच्या तासावर हाय ती. ... पानी चढाय लागलं त्या साली वाडी उठली. ट्रक वर रस्त्याला उभं. भांडी, दारं, पत्रं, समदं भरलं. आन आमचा बा, भिमाजी, हितं वावरात. नांगरत व्हता. लोक म्हनायचे, म्हाताऱ्या, बुडायचंय हे, कुणासाठी नांगरतो. त्यो म्हनायचा, बुडंल तवा बुडंल, वावर पडीक ठिवून जायचं न्हाई.

साधना : हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

जानकू : सांगन्यासारखं काय हाय त्यात. बाची रीत येकच. नांगर आपल्या मनानं सोडायचा न्हाई. आय, कुशाबाई, रोज बांधावर यायची, भाकरीचं टोपलं घिऊन. वरनं हाक मारायची, 'औत सोडा, भाकर आलीया.' तवा त्यो बैल सोडायचा. बाईची हाक न्हाई तर दिस मावळला तरी चालायचा. त्या दिवशी आय निघाली व्हती. म्या अडवली. म्हनलं, पानी बांधाला लागलंय, तू नको जाऊ, म्या आनतो त्याला.

अक्षदा : आणि आणलंत.

जानकू : आनलं. बांधावरनं वरडलो, बा, पानी आलं, चल. त्यानं बघितलं बी न्हाई. पानी बैलांच्या खुरांत आलं. मग म्या उतरलो, कोयत्यानं जुपन्या कापल्या, बैलांच्या मानंच्या. हरण्या-मोऱ्या सुटून वर पळालं. बा नांगराची मूठ धरून तसाच उभा. अर्धं वावर झालं व्हतं, अर्धं राहिलं. ट्रकात बसला, माझ्याशी बोलला न्हाई. दोन म्हयनं जगला त्याच्यानंतर. दोन म्हयनं येक सबुद न्हाई. आयला तेवढं म्हनायचा, अर्धंच ऱ्हायलं गं.

अक्षदा : आत्या... रेघा वावराच्या मधूनच सुरू होतात. टोकापासून नाही. मला वाटलं तिथनं मोबाईल चालू झाला म्हणून.

साधना : गप बस जरा.

जानकू : किती तासं ऱ्हायली, पोरी? त्याच्यात दिसत आसंल.

अक्षदा : अं... गुगलवर जुना बांध दिसतो उन्हाळ्यातल्या फोटोत. ही शेवटची रेघ, हा बांध. मधे जागाच नाही. हीच शेवटची आहे, आबा. आत्ता चाललीय ती.

साधना : थांबली.

अक्षदा : हो. आवाज पण थांबला.

साधना : मग चला. झालं ना वावर? धरा दोर. ... आबा, अजूनही येत नाही. काय पाहिजे आता?

जानकू : औत कुनी सोडलंय? न्हाई सोडलं. उभा हाय त्यो.

साधना : आणि तुम्ही हाक मारणार?

जानकू : माझ्या हाकंनं येक डाव झालंय ते. घरातल्या बाईनं मारायची.

साधना : माझ्याकडे बघू नका. मी इंजिन दुरुस्त करते.

अक्षदा : मी मारते.

साधना : तू कशी मारशील, तू...

अक्षदा : मी काय? शाळेच्या संमेलनात माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं होतं माझं. घरातलीच आहे ना मी? पण आबा, हाक मारायची तर भाकर पाहिजे. नुसतं कसं म्हणू आलीया?

जानकू : डबा आनलाय न्हवं आईनं दिलेला?

अक्षदा : आणलाय, पण... दीड तासापूर्वी मी दोन खाल्ल्या. अर्धी उरलीय. नाचणीची. ठेचा आहे मात्र.

जानकू : चालंल.

साधना : अक्षदा, पुढं वाकू नको. जॅकेट बांध आधी. वरचा पट्टा पण.

अक्षदा : बांधलाय. इथं टोकाला ठेवते, फडक्यावर. ... काय म्हणून हाक मारू त्यांना? पणजोबा?

जानकू : आय नाव घ्यायची न्हाई. नुसतं म्हन.

अक्षदा : औत सोडा... भाकर आलीया.

साधना : जोरात मारायची होतीस ना?

अक्षदा : जोरात निघालीच नाही, आत्या. इतक्या जवळ असल्यावर कोण ओरडतं?

साधना : ... दोर ढिला झालाय.

जानकू : वढ आता. हळू.

साधना : येतोय. हलका येतोय. टोक आलं वर. आबा, नांगर नाहीये.

अक्षदा : तुटला?

साधना : तुटला असता तर धागे सुटले असते. गाठ सोडवलीय. आबांची गाठ, नेहमीसारखी दोन वेळा आवळलेली, ओली. ती मलासुद्धा पक्कडीशिवाय सुटली नसती.

जानकू : औत सोडा म्हनलं न्हवं तिनं. सोडलं त्यानं.

साधना : बरं. ठीक आहे. मी इंजिन लावते. आता एक शब्द कुणी बोलू नका. ... लागलं. गिअर टाकला.

अक्षदा : बगळे बघ, सगळे टपावर येऊन बसलेत. आत्या, गिअर पडलाय नक्की?

साधना : पडलाय. खाली पंखा फिरतोय, मागं पाणी उडतंय, दिसतंय ना तुला. बोट जागची हलत नाही. दोर वर आहे, खाली नांगर नाही. कशानं धरलंय आपल्याला?

जानकू : इंजान बंद कर, साधना. बा जेवतोय.

अक्षदा : आणि उद्याचं, आबा? अकरा वाजता?

जानकू : जेवून उठला की सोडंल. लई वेळ न्हाई लागायचा, पोरी. अर्धीच तर हाय भाकर.