सुमनच्या अंगावरचं पित्त

माझा जलम कापडे गावाच्या वरच्या अंगाला, आमच्या बौद्धवाडीतला. मला दिली ती बी वाडीतल्या वाडीतच, आनि माझी धाकटी बहीन सुमन माझ्याच दिराला दिली, म्हनजे बहीन तीच नि जाऊ बी तीच. पुरुष मुंबयला, आमी बायका रानात राब तोडायला. झाडाच्या फांद्या तोडून शेतात भाजायच्या, मग त्या राखेत भाताचं रोप करायचं.

आता रानातली कामं, कुनाला बिबा उततो नि हाताची साल जाते, कुनाला भात झोडताना तुसानं शिंका नि धाप लागते, कुनाला जवळा खाल्ला की अंगभर गांधी उठतात. आमी सगळ्याला पित्तच म्हनायचो. औषध बी एकच, आमसूल भिजवून चोळायचं नि घोंगडी पांघरून निजवायचं. काय सांगू तुम्हाला, पुष्कळदा उतरायचं पन.

एका साली सुमनला गांधीलमाशी चावली, अंगभर उठलं, सासूनं आमसूल चोळलं, सांजंपातुर उतरलं. म्हनून दुसऱ्या साली परत चावली तवा कोन घाबरलंच नाय. सुमन म्हनली, ताय, घसा आवळतो गो माझा. मी सासूला म्हनले, आत्या, हिला पोलादपूरला नेऊया, तर म्हनली, पित्ताला कोन डाक्तर करतं, मागल्यासारखंच हाय, घाला घोंगडी. ओठ सुजले, आवाज घोगरा झाला, मग नुसतं घरघर, मग तेबी नाय. तवा कुठं डोली बांधली. उतारावरच गेली माझी बहीन, पोर अंगावर पिती ठेवून.

पोलादपूरला पोचल्यावर डाक्तर म्हनला, कातडीला खाज सुटते ती येगळी, तुसाची धाप येगळी, नि घसा सुजून श्वास कोंडतो ते येगळंच, त्याला येळ नसतो. माशीनं एकदा अंगभर उठलेल्याला तर जपायचं. सासूचा राग आला मला. म्हातारी मरून गेली, राग हाय अजून.

सुमनची पोर मीच वाढवली. औंदा तिलाबी रानात गांधीलमाशी चावली. बाया आमसूल घेऊन धावल्या, मी म्हनले, व्हा बाजूला, नि पोर पाठीवर घेऊन निघाले. बोलत ऱ्हा गो, गप बसू नको. तिनं शाळेतले पाढे म्हटले, पाढे सरल्यावर मलाच शिव्या घातल्या, म्हटलं घाल बाय, अजून घाल. डाक्तर म्हनला, नुसता हात सुजलाय. मी पायरीवर बसून रडले, तर पोर म्हनते, मावशी, मी बरी हाय ना, मग रडतेस का?

बरी हाय, बरीच राहो. पन रानात जरा गप झाली की मी हातातलं टाकून हाक मारते, नि ती ओ देईपातुर माझाच श्वास अडकलेला असतो.