भिंतीवरची वेल्डर

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून मला डोळे मिटून बसवलं होतं. शेजारी मायलेकी येऊन बसल्या. मला त्या दिसल्या नाहीत, नुसत्या ऐकू आल्या.

"आई, चोळू नकोस."

"वाळू भरल्यासारखं होतंय गं. जाईल ना हे?"

"वीस वर्षं वेल्डिंग करतेस. लहानपणी मी वर्कशॉपच्या दारातून नुसतं डोकावलं, तरी पाठीत धपाटा घालायचीस. आणि काल स्वतः मास्क वर करून वेल्डिंग केलंस?"

"वर्कशॉपच्या बाहेरच्या भिंतीवर कामगारांची चित्रं काढणारा तो चित्रकार म्हणाला, व्हीलचेअरवरचा सुतार आहे, गवंडीण आहे, सगळे ओळखू येतात. मास्क खाली असला तर तुम्ही बाई आहात हे कळणार कसं?"

"मग नुसतं उभं राहायचं."

"त्याला चेहऱ्यावर ठिणग्यांचा उजेड हवा होता. दोनच सेकंद म्हणाला. मग आणखी दोन."

"असं किती वेळा?"

"मोजलं नाही."

"आई!"

"दहा-बारा वेळा असेल. डोळे गेले तर गं?"

"काहीतरी बोलू नकोस. आत्ता नंबर येईल. चित्र बाकी सुरेख झालंय हां. येताना बघितलं मी, हुबेहूब तू."

"मास्क वर आहे?"

"हो."

"त्याला फोन लाव. मास्क खाली रंगव म्हणावं."

"अगं, मग तू दिसणारच नाहीस!"

"नसू दे. सोमवारपासून नव्या पोरी वेल्डिंग शिकायला येणार आहेत, त्याच भिंतीसमोरून. त्यांना धपाटा घालायला तिथे कोण आहे?"